क्रोममधलं ‘ॲट्रिब्युशन रिपोर्टिंग’ निवृत्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

17 ऑक्टोबर 2025 रोजी गुगलने ‘प्रायव्हसी सँडबॉक्स’मधल्या, म्हणजे लोकांचा कमी माग काढून जाहिराती चालाव्यात म्हणून आणलेल्या संचातल्या, बहुतेक सोयी गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. जाहिरातींचा परिणाम मोजणारं ॲट्रिब्युशन रिपोर्टिंगही त्यात गेलं. तेव्हापासून छोटे दुकानदार, ब्लॉग चालवणारे, एजन्सीतली मुलंमुली आणि अधूनमधून एखादे चौकस काका आम्हाला तेच तेच प्रश्न पाठवतायत. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं इथे एकत्र ठेवलंय. तुमच्या प्रश्नाच्या क्रमांकावर थेट उडी मारली तरी चालेल.

1. ॲट्रिब्युशन रिपोर्टिंग म्हणजे नेमकं काय होतं?

जाहिरात दिसली एका साइटवर, खरेदी झाली दुसऱ्या साइटवर, या दोहोंची गाठ घालणारी ही क्रोममधली सोय. समजा तुम्ही बातम्यांच्या साइटवर देवगड हापूसची जाहिरात दाबली आणि चार दिवसांनी बागायतदाराच्या साइटवर जाऊन पेटी मागवली. ही पेटी जाहिरातीमुळे खपली की अशीच, हे बागायतदाराला कळायला हवं, नाहीतर पुढच्या हंगामात पैसे कुठे घालायचे ते तो ठरवणार कसं?

जुन्या पद्धतीत हे काम थर्ड पार्टी कुकी करते. कुकी म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची छोटी नोंद. एक तिसरीच कंपनी तुम्हाला दोन्ही साइटवर ओळखते आणि गाठ तिच्या सर्व्हरवर पडते. जाताजाता तुम्ही आणखी कुठे कुठे फिरलात तेही तिला कळतं. ॲट्रिब्युशन रिपोर्टिंगमध्ये गाठ तुमच्याच फोनवर, ब्राउझरच्या आत पडायची. जाहिरात दाबली की ब्राउझर नोंद ठेवायचा, खरेदी झाली की ती नोंद हुडकायचा आणि मुद्दाम उशीर करून, माणसाची ओळख न देता रिपोर्ट धाडायचा. जुलै 2023 मध्ये, 115 व्या आवृत्तीपासून, क्रोमने ही सोय हळूहळू सगळ्यांसाठी खुली केली.

2. एवढंच गेलं की सगळंच गेलं?

जवळजवळ सगळंच. आवडीचे विषय ओळखणारं ‘टॉपिक्स’, ब्राउझरमध्येच जाहिरातींचा लिलाव करणारं ‘प्रोटेक्टेड ऑडियन्स’, ‘प्रायव्हेट ॲग्रिगेशन’, ‘आयपी प्रोटेक्शन’, ‘रिलेटेड वेबसाइट सेट्स’ ही सगळी मंडळी त्याच यादीत आहेत. अँड्रॉइडवरची भावंडंही गेली. ‘प्रायव्हसी सँडबॉक्स’ हे नावही निवृत्त झालं.

राहिलेल्या तीन गोष्टींचा जाहिरातींशी थेट संबंध नाही: कुकी साइटनिहाय वेगळ्या कप्प्यात ठेवणारं ‘चिप्स’, दुसऱ्या खात्याने लॉगिन करण्यासाठीचं ‘फेडसीएम’ आणि बनावट रहदारी ओळखायला मदत करणारी ‘प्रायव्हेट स्टेट टोकन्स’.

3. मी जाहिराती देत नाही, नुसतं क्रोम वापरतो. मला काही करावं लागेल का?

नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या भागात ‘ॲड प्रायव्हसी’ असं पान होतं आणि त्यात ‘ॲड मेजरमेंट’चं एक बटण. सोय ब्राउझरमधून निघाली की त्या बटणालाही काम उरत नाही. जाहिरात दाबल्याची नोंद तशीही जास्तीत जास्त 30 दिवस राहायची, त्यामुळे मागे काही साचून राहील ही भीती नको. मनाला बरं वाटावं म्हणून ब्राउझिंग डेटा पुसायचा असेल तर खुशाल पुसा.

4. म्हणजे आता माझा माग काढणं वाढणार का?

वाढणार नाही, पण कमी होणार होतं तेही होणार नाही. वाचकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. अनेकांना वाटतं की सँडबॉक्स बंद म्हणजे पाळत बंद. प्रत्यक्षात निवृत्त झाला तो पर्याय. ज्याच्या जागी तो यायचा होता, ती थर्ड पार्टी कुकी क्रोममध्ये जागच्या जागी आहे. घर पाडून बांधायचं म्हणून शेजारी संक्रमण शिबिर उभारलं, मग घर पाडायचंच रद्द झालं आणि शिबिर उठवलं, असा हा प्रकार.

कुकी तुम्ही स्वतः बंद करू शकता. क्रोमच्या सेटिंगमध्ये थर्ड पार्टी कुकीसाठी वेगळं पान आहे. इन्कॉग्निटो खिडकीत त्या मुळातच अडवलेल्या असतात. सफारीने मार्च 2020 पासून त्या सरसकट रोखल्यात आणि फायरफॉक्स जून 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या बरणीत ठेवतो.

5. इतकी वर्षं राबून बनवलेली गोष्ट बंद का केली?

गुगलचं स्वतःचं कारण दोन तुकड्यांत आहे: या तंत्रांच्या अपेक्षित उपयुक्ततेबद्दल आलेले अभिप्राय, आणि ती वापरणाऱ्यांचं अल्प प्रमाण. दोन्ही खरं आहे. पण वापर अल्प का राहिला, हे कळायला जरा मागे जावं लागतं.

ऑगस्ट 2019 मध्ये प्रायव्हसी सँडबॉक्सची घोषणा झाली. जानेवारी 2020 मध्ये गुगलने सांगितलं की दोन वर्षांत क्रोममधून थर्ड पार्टी कुकी जाईल. जून 2021 मध्ये ती मुदत 2023 च्या अखेरीवर गेली. जुलै 2022 मध्ये 2024 वर. 4 जानेवारी 2024 ला 1 टक्का वापरकर्त्यांच्या कुकी खरोखर रोखल्या, तेव्हा आमच्यासारख्यांनी कंबर कसली. एप्रिलमध्ये मुदत 2025 वर सरकली. जुलै 2024 मध्ये कुकी काढण्याचाच बेत सोडला आणि ‘वापरकर्त्याला निवड देऊ’ असं ठरलं. एप्रिल 2025 मध्ये त्या निवडीची वेगळी चौकटही दाखवणार नसल्याचं जाहीर झालं.

आता जाहिरात कंपनीतल्या इंजिनियरच्या जागी बसून पाहा. कुकी फुकट आहे, चालू आहे, आणि ताबडतोब नेमका आकडा देते. नवी सोय लावायची तर सर्व्हर बदला, नोंदणी करा, क्लाउडचं बिल भरा, आणि हातात येणार उशिराचा, थोडा अस्पष्ट आकडा. पाऊस पडणारच नाही म्हटल्यावर छत्री कोण घेतो? एप्रिल 2025 नंतर तर उरलासुरला दबावही गेला.

ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाचा, म्हणजे सीएमएचा, भागही विसरू नका. स्वतःची जाहिरात कंपनी असलेल्या ब्राउझरने कुकी काढली तर प्रतिस्पर्धी आंधळे होतील आणि गुगल डोळस राहील, अशी त्यांची शंका होती. जानेवारी 2021 मध्ये चौकशी सुरू झाली, फेब्रुवारी 2022 मध्ये गुगलने काही वचनं बांधून दिली. ऑक्टोबर 2025 मध्ये, ज्या दिवशी सँडबॉक्सची आवराआवर जाहीर झाली त्याच सुमारास, सीएमएने गुगलला त्या वचनांतून मोकळं केलं. कुकीच राहणार, तर वचनांचं करायचं काय?

माझं मत विचाराल तर गणित चुकलं नव्हतं. गणित चांगलं होतं (प्रश्न 8 आणि 9 पाहा). ते वापरायला भाग पाडणारी परिस्थितीच कधी आली नाही.

6. मी गुगल ॲड्सवर जाहिराती देतो. माझी कन्व्हर्जन (जाहिरातीतून झालेल्या खरेद्या) दिसणं बंद होईल का?

नाही. तुमच्या खात्यात दिसणारा आकडा मुख्यतः दुसऱ्याच वाटेने येतो. जाहिरात दाबल्यावर तुमच्या साइटच्या पत्त्यामागे ‘जीक्लिड’ (gclid) नावाची लांबलचक खूण चिकटते. साइटवरचा टॅग, म्हणजे मोजमापाचा छोटा कोड, ती तुमच्याच डोमेनच्या कुकीत ठेवतो आणि खरेदीच्या पानावर परत वाचतो. ही फर्स्ट पार्टी कुकी. तिचा या निवृत्तीशी संबंध नाही.

मात्र ही खूण वाटेत सांडत नाही ना, ते एकदा तपासा. आमच्याकडे मसाले विकणाऱ्या एका ताईंच्या साइटवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ नसलेला पत्ता ते असलेल्या पत्त्याकडे वळवला जायचा आणि त्या वळणावर प्रश्नचिन्हापुढचं सगळं गळून पडायचं. ताई अख्खा उन्हाळा ‘गुगलवरून काहीच येत नाही’ म्हणत होत्या. येत होतं, मोजलं जात नव्हतं. तपासणी सोपी आहे: जाहिरातीत दिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका, त्यापुढे प्रश्नचिन्ह, मग रोमन लिपीत जीक्लिड, बरोबरचं चिन्ह आणि कुठलीही खोटी किंमत लिहा आणि एंटर दाबा. पान पूर्ण उघडल्यावर ती किंमत पत्त्यात दिसत असेल तर ठीक. नाहीशी झाली असेल तर ज्याने साइट बनवली त्याला फोन करा. स्वतःच्या जाहिरातीवर दाबून तपासू नका, पैसे कटतात.

7. माझ्या ब्लॉगवर ॲडसेन्स (गुगलने लावलेल्या जाहिराती) आहे. उत्पन्न घटेल का?

या कारणाने नाही. कुकी राहिली असल्यामुळे जाहिरातदाराचं मोजमाप आहे तसंच चालतं. उत्पन्न घटलंच तर कारण दुसरीकडे शोधा.

8. रिपोर्टमध्ये मुद्दाम खोटे आकडे मिसळायचे म्हणे. हे खरं?

खरं आहे, आणि लपवून नाही, उघडपणे. रिपोर्ट दोन प्रकारचे होते. हा पहिला प्रकार एकेका क्लिकचा. दुसऱ्याचं पुढच्या प्रश्नात.

एका क्लिकमागे जास्तीत जास्त तीन रिपोर्ट मिळायचे, आणि प्रत्येकात खरेदीबद्दल फक्त 3 बिट, म्हणजे 0 ते 7 यातला एक आकडा. ‘खरेदी’, ‘कार्टमध्ये टाकलं’, ‘फोन नंबर दिला’ अशा आठ प्रकारांपलीकडे काही सांगताच यायचं नाही. नुसती दिसलेली, न दाबलेली जाहिरात असेल तर 1 बिट. रिपोर्ट लगेच यायचा नाही. क्लिकसाठी मूळ मांडणीत 2 दिवस, 7 दिवस आणि 30 दिवस असे तीन थांबे होते.

त्यावर नॉईज, म्हणजे मुद्दाम मिसळलेली चूक. सुमारे 0.24 टक्के क्लिकच्या बाबतीत ब्राउझर खरं काय घडलं ते बाजूला ठेवून सगळ्या शक्यतांमधून एक चिठ्ठी उचलायचा. शक्यता होत्या 2,925. त्यामुळे एखादा रिपोर्ट बोटावर धरून ‘या माणसाने नक्की खरेदी केली’ असं कुणालाही म्हणता यायचं नाही.

0.24 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण छोट्या दुकानाचा हिशोब करा. 1,000 क्लिक आले, त्यांपैकी साधारण 2.4 क्लिकची चिठ्ठी उचलली जाईल. त्या चिठ्ठ्यांमध्ये सरासरी तीनच्या जवळ रिपोर्ट असतात, म्हणजे सुमारे 7 खोटे रिपोर्ट. खऱ्या खरेद्या 10 असतील तर हातात 17 पडणार! नॉईज किती आहे हे माहीत असल्याने ते सूत्राने वजा करता येतं आणि मोठ्या कॅम्पेनमध्ये उत्तर बरोबर येतं. दहा खरेद्यांच्या दुकानात वजाबाकी केली तरी आकडा डळमळीतच राहतो. म्हणून छोटा दुकानदार मला विचारायला आला की ‘हे लावू का’, तेव्हा मी तेव्हाही ‘थांबा’ म्हणत होतो.

9. आणि तो एकत्रित रिपोर्ट? त्यात तरी रक्कम कळायची ना?

कळायची, पण रेशनवर. हा भाग मला मनापासून आवडायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाई असेल तर पुढच्या प्रश्नावर जा.

प्रत्येक जाहिरात-नोंदीला 65,536 अंकांचं बजेट असायचं. खरेदीबद्दल जे सांगायचं ते या बजेटातून खर्च करायचं. रिपोर्ट कुलूपबंद यायचे आणि ते उघडायला बंदिस्त सर्व्हर लागायचा. तो सर्व्हर एकेक रिपोर्ट कुणालाच न दाखवता फक्त बेरीज द्यायचा आणि प्रत्येक बेरजेत नॉईज टाकायचा. नॉईज किती, हे ‘एप्सिलॉन’ या आकड्यावर ठरायचं. तो जितका छोटा तितकी गोपनीयता जास्त.

आपल्या हापूसवाल्यावर आणू. त्याने अर्धं बजेट खरेद्यांच्या संख्येला दिलं, अर्धं रकमेला. ऑर्डरची कमाल रक्कम 5,000 रुपये धरली आणि एप्सिलॉन 10. गणित करून पाहिलं तर संख्येत सरासरी चूक येते 0.2 खरेदीची, म्हणजे नगण्य. रकमेत सरासरी चूक येते बरोब्बर 1,000 रुपयांची, इकडे किंवा तिकडे.

1,000 रुपये जास्त की कमी? बेरजेच्या प्रत्येक खान्याला तेवढेच, मग खान्यात एक ऑर्डर असो की पाचशे. जाहिरातीमुळे झालेली सगळी 1,20,000 रुपयांची विक्री एकाच खान्यात ठेवली तर चूक एक टक्क्याच्याही आत. पण एजन्सीतला उत्साही मुलगा म्हणाला, ‘सर, 40 तालुके आणि 6 प्रकारच्या पेट्या वेगवेगळ्या दाखवू.’ झाले 240 खाने, प्रत्येकात सरासरी 500 रुपयांचा माल आणि 1,000 रुपयांची चूक. काही खान्यांत तर उणे विक्री दिसणार.

आता लग्नघरातून 18,000 रुपयांची ऑर्डर आली. कमाल 5,000 धरली असल्याने ती 5,000 म्हणूनच मोजली जाणार. कमाल वाढवून 20,000 केली तर चूकही चौपट, 4,000 रुपये. शिवाय तोच ग्राहक त्याच क्लिकच्या जोरावर दुसऱ्यांदा पेटी मागवायला आला, तर बजेट पहिल्याच खरेदीत संपलेलं असणार. ती दुसरी पेटी कुठेच दिसणार नाही.

यात फसवणूक काही नव्हती. किती बारीक बघायचं आणि किती खात्रीने बघायचं, यात एक निवडा, एवढंच ते सांगत होतं. रोज सकाळी डॅशबोर्डवर पैशापर्यंत आकडा बघायची सवय लागलेल्या आमच्या धंद्याला ते पचलं नाही.

10. माझ्या साइटच्या कोडमध्ये याचे हेडर आणि ॲट्रिब्यूट राहिलेत. काही बिघडेल का?

पान तुटणार नाही. ब्राउझरला न कळणारं हेडर किंवा एचटीएमएल ॲट्रिब्यूट तो दुर्लक्षून पुढे जातो. परमिशन्स-पॉलिसी हेडरमध्ये या सोयीचं नाव राहिलं असेल तर डेव्हलपर कन्सोलमध्ये ‘हे फीचर ओळखीचं नाही’ अशा अर्थाची ओळ उमटेल. आमच्याकडे आलेले निम्मे घाबरे स्क्रीनशॉट त्या एका ओळीचेच असतात. वेळ मिळेल तेव्हा काढून टाका.

एका ठिकाणी मात्र जपा: ‘सोय असेल तर हिच्याकडून मोज, नसेल तर कुकीकडून’ अशी अट कुणी लिहिली असेल, तर दुसरी फांदी खरंच चालते का ते तपासा. दोन वर्षं जी फांदी कधी चाललीच नाही, तिच्यात गंज धरलेला असतो.

11. आम्ही ॲग्रिगेशन सर्व्हिस (प्रश्न 9 मधला बेरजा देणारा बंदिस्त सर्व्हर) क्लाउडवर लावली होती. ती कशी बंद करायची?

आधी साठलेले कुलूपबंद रिपोर्ट उघडून घ्या. ते उघडण्याची किल्ली तुमच्याकडे नसते. ती दोन वेगळ्या समन्वयकांमध्ये वाटलेली असते आणि दोघांनी मिळून दिल्याशिवाय सर्व्हर काम करत नाही. समन्वयक बंद झाले की उरलेल्या फायली निव्वळ रद्दी. बेरजा काढून झाल्या की मग ॲमेझॉन किंवा गुगल क्लाउडवरची मशीन, साठवण आणि रांगा बंद करा. ‘नंतर बघू’ म्हणून राहिलेलं मशीन महिन्याच्या बिलात दिसतं. जे रिपोर्ट अजून ग्राहकांच्या ब्राउझरमध्ये थांबलेत, त्यांची वाट पाहू नका. सोय निघाल्यावर ते येणार नाहीत.

12. बंद होण्याआधीच्या आणि नंतरच्या महिन्याचे आकडे जुळत नाहीत. कुठला खरा?

दोन्ही आपापल्या जागी खरे. जुन्यात नॉईज आणि उशीर होता (प्रश्न 8 आणि 9), नव्यात कुकी अडवणारे लोक गळतात (प्रश्न 4). ते एकाच आलेखात जोडू नका. मध्ये उभी रेघ मारून तारीख लिहा, सहा महिन्यांनी तुम्हीच स्वतःला धन्यवाद द्याल.

13. सफारी आणि फायरफॉक्समध्येही असंच काही होतं ना? तेही गेलं का?

सफारीचं आहे. ‘प्रायव्हेट क्लिक मेजरमेंट’ हे त्याचं नाव, एप्रिल 2021 मध्ये आयओएस 14.5 बरोबर आलं. ते क्रोमपेक्षाही कंजूष आहे: जाहिरातीकडून 256 पैकी एक आकडा, खरेदीकडून 16 पैकी एक, क्लिकपासून 7 दिवसांची मुदत आणि रिपोर्ट 24 ते 48 तास उशिरा.

फायरफॉक्सची गोष्ट वेगळी आणि जरा बोधप्रद. जुलै 2024 मध्ये 128 व्या आवृत्तीत मोझिलाने ‘प्रायव्हसी प्रिझर्व्हिंग ॲट्रिब्युशन’ प्रयोगादाखल आणलं. तंत्र नेटकं होतं, आकडा दोन ठिकाणी तुकडे करून पाठवायचा म्हणजे एकट्याला काहीच कळत नाही. पण सेटिंग न विचारता चालू करून ठेवलेलं. प्रायव्हसीसाठी म्हणून फायरफॉक्स धरलेली माणसं भडकली, आणि सप्टेंबरमध्ये व्हिएन्नाच्या ‘नॉयब’ या संस्थेने ऑस्ट्रियात तक्रार केली. पुढे मोझिलाने तो प्रयोग थांबवला.

14. मग पुढे काही येणार आहे का, की कुकीच कायमची?

वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा खाजगी जाहिरात तंत्रज्ञानावरचा कार्यगट सगळ्या ब्राउझरना चालेल असं एकच ‘ॲट्रिब्युशन’ मानक लिहितोय. ऑक्टोबर 2025 च्या घोषणेत गुगलनेही त्या कामात भाग घेण्याचं म्हटलंय. तयार झालं तरी ते लगेच तुमच्या डॅशबोर्डवर उतरणार नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर आज काही बांधू नका.

15. भारताच्या डेटा कायद्याच्या दृष्टीने याने काही फरक पडतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू होतात. ॲट्रिब्युशन रिपोर्टिंगवर विसंबून ‘आम्ही वैयक्तिक डेटा घेतच नाही’ असं कुणी प्रायव्हसी पानावर लिहिलं असेल, आणि आता मोजमाप कुकी, फोन नंबर किंवा ईमेलवर आणलं असेल, तर ते वाक्य आता खोटं आहे. आजच बदला. संमतीचा मजकूर वकिलाकडून तपासून घ्या, दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नका.

16. आमचे निम्मे ग्राहक जाहिरात बघतात आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर देतात. ते कसं मोजायचं?

ते ॲट्रिब्युशन रिपोर्टिंगलाही कधी दिसलं नसतं. गाठ एकाच ब्राउझरमधल्या दोन साइटमध्येच पडायची. फोनवर जाहिरात पाहून लॅपटॉपवर केलेली खरेदी, किंवा पुण्याच्या मुलीने जाहिरात पाहून बारामतीच्या आईला ‘तू फोन कर’ म्हटलं, हे सगळं त्याच्या नजरेबाहेर.

आमच्या एका लोणचेवाल्या ग्राहकाने यावर साधा उपाय काढला. प्रत्येक कॅम्पेनच्या पानावरच्या व्हॉट्सॲप बटणात आधीच लिहिलेला वेगळा मजकूर असतो: एकात ‘नमस्कार, कैरीचं लोणचं हवंय’, दुसऱ्यात ‘नमस्कार, कैरी लोणचं पाहिजे’. ग्राहकाला फरक जाणवत नाही, आणि रात्री त्याची बायको मेसेज मोजून वहीत दोन रकान्यांत रेघा मारते. कधी कुणी मजकूर पुसून नुसतं ‘हाय’ पाठवतं. त्यासाठी तिसरा रकाना आहे.